चापडा जागेवर आहे

चापडा जागेवर आहे.

कळकीच्या, जाड बांबूच्या बेटाच्या खाडीकडल्या अंगाला, दोन कळक एकमेकांना घासतात त्या बेचक्यात. नव्या पानाचा रंग. अंगाचे वेढे फांदीवर, वेढ्यांवर डोकं. पाऊस कोसळतो, तो हलत नाही. वारा सुटला की कळक हलतो, आणि कळकाबरोबर तो.

हिरामण रोज सकाळी तोंड धुण्याआधी एवढं बघून येई. घरामागच्या उकिरड्यापलीकडं, बेटापासून चांगलं गाडीभर अंतर ठेवून उभा राही आणि डोळ्यांनी एकेक कांडं वर चढत जाई. आधी नुसती पानं दिसत. मग त्यातलं एक पान जरा जाड वाटे, त्याच्या कडेला फिकट पिवळी रेघ दिसे, आणि हिरामणच्या छातीत काहीतरी खाली बसे. दिसला म्हणून भीती जात नसे. पण तिला बसायला एक ठिकाण मिळे.

मग तो घरात येऊन राखुंडीनं दात घाशी आणि त्याची आई, कृष्णाबाई, चुलीपुढून विचारी, "हाय का तुजा पाव्हणा?"

"हाय."

"जेवाया बोलीव मंग त्याला."

दोन वर्षांमागं लावणीच्या ऐन तोंडावर हिरामणच्या उजव्या हाताला ह्याच बेटात चापडा डसला होता. नाग असता तर अख्खी वाडी धावून आली असती. चापडा म्हटल्यावर लोक सुपारी कातरत बसले. चापड्यानं कुणी मरत नाही. हात फुगतो, माणूस पडून राहतो, मग उठतो. हिरामण पडून राहिला. हात खांद्यापर्यंत सुजला, कातडी ताणून चकाकायला लागली, बोटांच्या बेचक्यांतून पाणी सुटलं. दुखणं असं की तो गोधडीचं टोक दातांत धरून राही. आणि बाहेर त्याची बायको कमळ चिखलात वाकून एकटीनं लावणी काढत होती. पाऊस उघडला की शेजारचा गुणाजी ओटीवर टेकायचा आणि आत वाकून विचारायचा, "हिरामणदादा, बाळंतीण उठली का?"

हात बरा झाला. करंगळी तेवढी वाकडी राहिली. गुणाजीचं ते वाक्य मात्र गावानं जपून ठेवलं.


खाडीचा बाहेरकाठा फुटला.

एकतीस सालची नारळी पुनव. उधाणाची भरती आणि त्यात वारा समोरून. धरमतरच्या खाडीनं रात्रभर धडका देऊन उजाडता उजाडता बांधाला खांड पाडली. खालच्या शेतांत खारं पाणी शिरलं, गुडघाभर आलेलं भात त्यात मान टाकून पडलं. वरच्या शेतांना आतल्या जुन्या बांधाची वरंघळ आडवी आली म्हणून ती वाचली. पण ती वरंघळ म्हणजे पोराठोरांनी तुडवलेली ढेकळांची ओळ. अवसेचं उधाण तिच्यावरून सरळ चालत आलं असतं. आणि उधाणाचं पाणी एकदा शेतात मुक्कामाला राहिलं की ती जमीन काही वर्षं भाताला ओळख देत नाही. तिथं नुसतं मोळाचं गवत उगवतं.

पुनव आणि अवस यांच्यामध्ये पाणी मंदावतं. त्या मंद पाण्यात खांड बुजवायची.

बांधाचं काम म्हणजे गावाची जोळ. प्रत्येक घरातून माणसं, पाटी, फावडं. कुणी सुटत नाही. फक्त हिरामणच्या घराला चिखल वाहायचा नव्हता. आजाच्या वेळेपासून ठरलेलं होतं: ह्या घरानं कळक द्यायचे. एवढं जाड कळकीचं बेट आसपास दुसरं नव्हतं. कळक द्यायचे तेही पाल्यासकट, शेंड्यासकट. आडवेतिडवे टाकले की पाला चिखल धरून ठेवतो. सोललेला कळक पाण्यात दांडपट्टा खेळत निघून जातो.

बांधाचा कारभार म्हाताऱ्या बुधाजीकडं होता. तो अंगणात आला, टाळक्यावरचं इरलं काढून उभं केलं.

"हिरामण, उद्यापासून कळक पायजेत."

"व्हय काका."

"जाड पायजेत. खांड मोठी हाय."

"व्हय."

बुधाजीनं त्याच्या तोंडाकडं जरा जास्त वेळ बघितलं. "त्ये किरडू अजून बसलंय म्हनं बेटात."

"हाय."

"मंग आधी काठी वाजव. जाईल निघून."

काठी वाजवली की धामण जाते. नाग जातो. जमिनीवरनं चालणारं प्रत्येक जनावर माणसाची चाहूल लागली की वाट सोडतं. हे सोडत नाही. हिरामणनं डबा वाजवून बघितला होता, ओला पेंढा पेटवून धूर केला होता. धुरानं तो दोन हात वर सरकला, आणि धूर विरल्यावर खाली येऊन त्याच बेचक्यात बसला. मारायचं म्हटलं तरी तो होता माणसाच्या डोक्याच्या वर, चहूबाजूंनी कळकांची जाळी. पहिला घाव चुकला की दुसरा त्याचा.


चापडा जागेवर आहे. पाऊस पडून गेल्यावर अंगावरच्या वेढ्यांत साठलेलं पाणी तो पितो. स्वतःच्याच अंगावरून. मान जेमतेम हलते. खाली उतरायची त्याला गरजच नाही: बेडूक वर येतो, सरडा वर येतो, चिमणीचं पिल्लू घरट्यातच असतं. तो नुसता थांबतो. डोकं तिकोनी, मान बारीक, शेपटीचं टोक मातकट. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगी आहे.

ती कशाला असते ते हिरामणला ठाऊक नव्हतं. पण एकदा कमळनं चुलीतलं पेटतं लाकूड आणलं आणि लांब काठीच्या टोकाला बांधून बेचक्याजवळ नेलं. डोकं वळलं. लाकूड डावीकडं नेलं, डोकं डावीकडं. मग तिनं विझलेली, भिजलेली काठी तशीच नेली, पार तोंडाजवळ. तो बघायलाही तयार नाही.

"ऊब वळखतंय," कमळ म्हणाली.

हिरामणनं हात मागं घेऊन काखेत घातले.


पहिले दोन दिवस त्यानं रस्त्याच्या बाजूनं तोडलं. तिकडली कळकी कोवळी, मनगटाएवढीसुद्धा नाही. एक डोळा कोयत्यावर, एक डोळा बेचक्याकडं. पान गळून पाठीवर पडलं तरी तो उडी मारून बाहेर येई. घाम पावसाच्या पाण्याहून जास्त.

बांधावर भारे टाकले तेव्हा गुणाजीनं त्यातला एक कळक उचलून दातांशी नेला.

"काका, ही खांडीत घालायची का जेवल्यावर दात कोराया?"

बायका पाट्या डोक्यावर घेऊनच हसल्या. हिरामणही हसल्यासारखं तोंड करून उभा राहिला. बाळंतिणीचं नाव निघालंच. कोणीतरी म्हणालं, डिंकाचे लाडू द्या तिला, मग जाड कळक तोडील. कमळ त्या दिवसापासून चिखल वाहायला यायला लागली होती. घराला माफी असून यायला लागली होती. कोणी बोलावलं नव्हतं. तिनं मान वर केली नाही, पाटी भरून पुढं गेली.

संध्याकाळच्या भरतीनं कोवळी कळकी उचलली आणि त्यावरचा सगळा चिखल धुऊन नेला. दोन दिवसांचं गावाचं काम गढूळ पाणी होऊन खाडीला मिळालं.

त्यानंतर कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. बुधाजी घरी आला, ओटीवर बसला नाही.

"खाडीकडले तोड. त्ये जाड हायत."

"काका, तिथं..."

"म्हाईत हाय काय हाय तिथं. चापड्यानं कुनी मरत न्हाय, हिरामण. उपाशी मरतंय."

तो गेल्यावर कृष्णाबाई म्हणाली, "तुजा बापूस तोंडात इडी धरून बेटात शिरायचा."

"त्याला डसलं नव्हतं."

"मी तोडते," कमळ म्हणाली. तिचे पाय खाऱ्या चिखलानं फुटले होते, भेगांत ती खोबरेल भरत होती. सहज म्हणाली, जसं पाणी आणते म्हणावं.

हिरामणनं तिच्या हातांकडं बघितलं. ते फुगलेले, चकाकणारे, पाणी सुटलेले असे त्याला स्पष्ट दिसले.

"नको. मी तोडतो."


चापडा जागेवर आहे.

हिरामणनं तीनदा खात्री केली. उजव्या हाताला गोणपाट गुंडाळलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि खाडीच्या बाजूनं आत शिरला. आतला अंधार हिरवा. कळक एकमेकांवर घासून कण्हत होते. तो बेचक्याकडं तोंड करूनच तोडत होता, न बघता, हातानं बुंधा चाचपून. घाव घालायचा, वर बघायचं. घाव, वर. दरवेळी ती पिवळी रेघ डोळ्यांना लागली की पुढचा घाव.

बेटाबाहेर गुणाजी आणि दोघेतिघे गडी भारे न्यायला उभे होते. ओहोटी लागली होती, घाई होती.

"दादा, आटप. पानी काय तुज्यासाठी थांबनार हाय?"

जाड कळक एकटा पडत नाही. वर शेंडे एकमेकांत गुंतलेले असतात. एक ओढला की चार वाकतात. हिरामणनं बुंधा तोडला, बाहेरच्यांनी तो ओढला, आणि सगळं बेट कमरेतून वाकल्यासारखं झालं. पाण्याचा सडा पडला, पाल्याचा ढीग त्याच्या इरल्यावर आला. तो खाली बसला, डोकं गुडघ्यांत घातलं. कडकड झाली. मग बाहेरून गुणाजीचा आवाज, "आला, आला, ओढ," आणि पाल्याची सळसळ लांब लांब जात गेली.

त्यानं वर बघितलं.

दोन कळक घासत होते, त्यातला एक तिथं नव्हता. दुसऱ्याचं बेचकं रिकामं होतं.

चापडा जागेवर नाही.

तो बेटाबाहेर कसा आला त्याला कळलं नाही. इरलं काढून झटकलं. अंगातली बंडी काढून झटकली. केसांतून हात फिरवायला धजेना म्हणून पन्हाळीखाली डोकं धरलं. मग काठीनं खालचा पाला उलथून बघितला, शेजारचा प्रत्येक कळक कांड्याकांड्यानं बघितला. कुठं नाही.

आणि मग त्याला ते समजलं. पाल्याचे भारे बांधावर पोचले असतील.


बांधावर गाव हात लांब करून उभं होतं.

खांडीच्या अलीकडं बांधावर भारे उतरवलेले, तिथून माणसांची रांग उतरत उतरत पाण्यात गेलेली. वरच्यानं भारा द्यायचा, खालच्यानं घ्यायचा, शेवटी दोघे गडी तो आडवा दाबून बसवणार, वरून बायका पाट्या ओतणार आणि तुडवणार. निम्मी खांड भरली होती. जाड कळकांनी चिखल धरला होता. ओहोटी सरली होती. खाडीचं पाणी आता उलटं, आतल्या बाजूला, हळू सरकायला लागलं होतं.

हिरामण बुधाजीपाशी धापा टाकत उभा राहिला.

"काका, काम थांबवा. त्यो भाऱ्यात आलाय."

"कोन?"

"चापडा."

बुधाजीनं पाण्याकडं बघितलं. खांडीत रोवलेली काठी होती, तिच्यावर पाणी चढत होतं.

"बगितलास?"

"न्हाय. बेटात न्हाय म्हंजे हितंच हाय."

"आरं, बेटात लपला असंल," वरून कोणीतरी म्हणालं. "हिरामणला भाजीतबी हिरवं दिसलं की उचकी लागते." दोघं हसली, पण हात चालूच होते. भारा पुढं, भारा पुढं. पाल्यात बोटं, पाल्यात कोपर, पाल्याला गाल.

"थांबलो तर भरती आत येईल," बुधाजी म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुला भ्या वाटतंय तर घरी जा."

हिरामण घरी गेला नाही. त्याचे गुडघे आपसूक लटपटत होते. ते लोकांना दिसू नयेत म्हणून तो पाण्यात उतरला. रांगेच्या कडेनं, कमरेएवढ्या पाण्यातून, हातातून जाणारा प्रत्येक भारा बघत. पानं. पानं. पावसानं सगळंच चकाकत होतं. प्रत्येक पान जाड वाटत होतं.

रांगेच्या टोकाजवळ गुणाजी होता, त्याच्या पुढं कमळ. गुणाजीनं बुंध्याचं टोक धरलं होतं, शेंड्याचं कमळच्या खांद्यावर आलं होतं. ती मान वळवून खालच्या गड्याची वाट बघत होती. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर एका आडव्या फांदीला वेढे होते. पिवळी रेघ. वेढ्यांवरचं डोकं उचललेलं, आणि तिच्या गालाकडं वळलेलं.

"कमळ," हिरामण म्हणाला. "हाय तशी उभी ऱ्हा."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. विचारायची गरज पडली नाही. तरी ओठ न हलवता तिनं विचारलं, "कुठं?"

"कानाशी. बगू नको. गुणाजी, तू सोडू नको."

गुणाजीनं बघितलं. बुंध्यावरची त्याची बोटं घट्ट आवळली.

"कोयता घाला त्याच्यावर," वरून बुधाजी म्हणाला.

"पान्यात पडंल काका. पवतंय त्ये. पान्यात पाय किती हायत बगा."

पाण्यात उभ्या असलेल्या सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. रांग जिथल्या तिथं थिजली. पाण्याचा आवाज तेवढा येत होता, खांडीतून आत जाणारा.

हिरामणचा उजवा हात पाण्याखाली आपोआप मुठीत आवळला गेला, जणू तो हात दुसऱ्याचा होता आणि त्याला काही ठाऊक होतं. त्यानं तो तळाशी नेला, गार चिखलात कोपरापर्यंत खुपसला आणि चिखलासकट वर काढला. काळा, ओघळणारा, थंडगार. डाव्या हातानं कमरेचा कोयता काढला.

"श्वास नाकानं घे," तो कमळला म्हणाला. "हळू. तोंड उघडू नको."

"हात बगा तुमचा," ती दातांतून म्हणाली. "कापतोय."

"कापूंदे."

चिखलाचा हात फांदीखालून गेला. डोकं वळलं नाही. बोटं फांदीभोवती मिटली, वेढ्यांच्या खाली बोटभर अंतरावर. शेपटीचं टोक थरथरायला लागलं. फांदीतून ती थरथर त्याच्या तळव्यात उतरली. कोयत्याचा घाव घालता येत नव्हता. धार फांदीला लावून तो मागंपुढं, मागंपुढं घासत राहिला, कोळीण जाड काटा कापते तसा. पाणी कमरेवरून बरगड्यांशी आलं. कमळचे डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत होते. पापणी लवत नव्हती.

फांदी सुटली.

"बाजूला हो."

कमळ पाण्यात खाली गेली, पार हनुवटीपर्यंत, आणि मागं सरकली. गुणाजीनं कळक सोडला नव्हता. त्याची बोटं सोडवायला नंतर दुसऱ्याला मदतीला यावं लागलं.

हिरामण हात लांब धरून बांधावर चढला. घराकडल्या वाटेवर, पुढं तिवरांची झाडी होती. तिथपर्यंत न्यायचं, चिखलात भिरकावायचं, असं त्यानं ठरवलं होतं. काही पावलं गेला. हातावरचा चिखल पावसानं धुपत होता. काळ्याखालून कातडी दिसायला लागली, आणि फांदीवरचा वेढा सुटला. डोकं खाली आलं. घाई नाही. फांदी चाचपत, मुठीकडं.

तिवरं लांब होती. हिरामणनं तो होता तिथंच फांदीचं टोक बांधाच्या मऊ मातीत खुपसलं, हात सोडला आणि मागं मागं येऊन बसकण मारली.

चापडा थोडा वेळ तिथंच थांबला. मग वर सरकला, शेंड्याच्या बेचक्यात वेढे घातले आणि त्यांच्यावर डोकं ठेवलं.

"घ्या पाट्या," बुधाजी म्हणाला.

भारे गेले, चिखल गेला. माणसं प्रत्येक भारा आधी उलटून बघत, मग घेत. पाणी बुजवलेल्या खांडीशी आलं, भिंतीला टेकलं, वर चढलं, एका जागी पाझरलं. तिथं गुणाजी पाठ लावून बसला आणि बायकांनी त्याच्या दोन्ही अंगांनी चिखल ओतला. भरती टोकाला पोचली. पाल्याची काही टोकं पाण्याच्या वर राहिली. आत शेताच्या बाजूला पाणी हललं नाही.

बुधाजीनं काठीवरची खूण बघितली, आणि पहिल्यांदाच खाली बसला.

तेव्हा लोकांनी घराच्या दिशेनं बघितलं.

बांध दोन माणसं एका वेळी जेमतेम जातील एवढा. एका अंगाला टम्म भरलेली खाडी, दुसऱ्या अंगाला छातीभर पाण्याचा, पाय रुतेल असा चर. घरी जायची वाट एकच, आणि वाटेत, पुरुषभर उंचीला, ती फांदी उभी होती. हिरामणनंच रोवलेली.

कोणीतरी ढेकूळ उचललं.

"नको," हिरामण म्हणाला. "लागलं न्हाय तर खाली पडंल. मंग कुठं गेलं त्ये कळनार न्हाय."

ढेकूळ उचलणाऱ्यानं पायाशी बघितलं, गवताकडं बघितलं, आणि ते हळूच खाली ठेवलं. दिवस उतरत चालला होता. पाट्या डोक्यावरून कमरेवर आल्या. माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली, बायका, गडी, म्हातारा बुधाजी. कोणी पुढं होईना. कोणाला चेष्टा सुचेना.

हिरामण उठला. त्यानं खाली वाकून दोन्ही हातांना चिखल फासला, तोंडाला, गळ्याला फासला. ते बघून कमळ वाकली. मग सगळेच वाकले.

गुणाजी चिखलानं माखलेलं तोंड घेऊन त्याच्या मागं येऊन उभा राहिला. दातांवर दात आपटत होते.

"दादा," तो अगदी हळू म्हणाला, "खाडीच्या कडंनं जाऊ का चराच्या?"

"चराच्या. माज्या पावलात पाऊल टाक. हात पोटाशी धर."

"धरला."

"भ्या वाटलं तरी पळायचं न्हाय."

"व्हय."

हिरामण चालायला लागला. फांदी जवळ येत होती, आणि मागं साऱ्या गावाचा श्वास थांबलेला त्याला ऐकू येत होता.